रफिकभाई, कोठडीचा दरवाजा निघाला

रफिकभाई,

शाहीनचा फोन आला तेव्हा मी डोंगरावर जाळरेषेचं काम पाहत होते. वणवा पुढे सरकू नये म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर गवताचे पट्टे आपणच जाळून मोकळे करतो, ते काम. चहूकडे धूर होता, फोन धड लागत नव्हता आणि तुमच्या लेकीचा आवाज मधेमधे तुटत होता. "अब्बू गए" एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, तुम्ही माझ्याकडे आंबाबारीला यायला निघालात असं ती सांगतेय. मी म्हटलं, "येऊ दे त्यांना, मी दुपारपर्यंत खाली उतरते." पलीकडे ती एकदम गप्प झाली. मग मला कळलं.

अकोटवरून बाळापूरला पोचेपर्यंत तुम्हाला माती देऊन झाली होती. पुरुषमंडळी कब्रस्तानातून परत येत होती. तुमच्या लाकडाच्या वखारीचं फाटक अर्धं उघडं होतं आणि आत सागाच्या तुळया एकावर एक रचलेल्या होत्या, नेहमीसारख्याच. तुम्ही असतात तर ओरडला असतात, "रेंजर बाई आली रे, माल झाका!" दर वेळी हाच विनोद. दर वेळी मी न हसण्याचं ठरवायची आणि दर वेळी हसायची. त्या दिवशी मात्र तिथल्या माणसाने मला पाहून फक्त मान खाली घातली.

आत घरात तुमच्या नसरीनभाभींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. म्हणाल्या, "परवाच तुमची याद करून राहिले होते. बोले, त्या बाईले एक गोष्ट सांगायची राहिली." काय गोष्ट, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

तुमचा चाळिसावा अजून व्हायचा आहे. त्याआधीच हे लिहायला बसले आहे, कारण आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आणि तुमच्यामागे त्याचं काय झालं हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आपण पहिल्यांदा भेटलो ते वैरी म्हणूनच की. आंबाबारीचं जुनं रेंज ऑफिस तुम्ही लिलावात घेतलं होतं, तोडायला. रेंजरचा बंगला, कचेरी, नाकेदारांच्या खोल्या, घोड्यांचा तबेला आणि कुंपणाच्या कोपऱ्यातली ती दगडी कोठडी. सगळं इंग्रजांच्या वेळचं. खाली सडकेवर नवी इमारत झाली तेव्हापासून वर कोणी राहत नव्हतं. कागदावर शेरा होता, मोडकळीस आलेलं, धोकादायक. मी नुकतीच रुजू झाले होते. लाकूड धड आहे, एकदा नीट बघा, असं मी वरती कळवलं होतं. पण नव्याने आलेल्या रेंजरचं कोण ऐकतं? लिलाव होऊन गेला आणि एका सकाळी तुमचे दोन ट्रक घाट चढून आले.

मी तुमच्या माणसांना चहा पाठवला. तुम्ही कप हातात घेऊन माझ्याकडे आलात. अंगात पांढरा कुर्ता, डोक्यावर जाळीची टोपी, कानाला पेन्सिल.

"बाई, दुश्मनाले चाय पाजून राहिले का?"

"चहा प्या आणि हात जरा सावकाश चालवा," मी म्हटलं.

"सावकाश तोडलं तरी तोडलंच होते ना," तुम्ही म्हणालात आणि हसलात. मला तुमचा फार राग आला होता.

मग तुम्ही स्वतः छपरावर चढलात. त्या वयात. तुमचे कामगार नको नको म्हणत होते. तुम्ही आढ्याजवळचे मातीचे कवेलू काढले, आत हात घातला, लोखंडी सबलीच्या टोकाने तुळई ठोकून पाहिली. पुन्हा ठोकली. मग तसेच तिथे बसून राहिलात. खालून मला फक्त तुमची पाठ दिसत होती आणि तिच्यामागे डोंगर. बऱ्याच वेळाने खाली उतरलात आणि व्हरांड्याच्या पायरीवर टेकलात.

"बाई, लाकूड लय चांगलं हाय."

"म्हणजे तुमचा फायदाच झाला," मी म्हणाले.

"फायदा तं हायेच." तुम्ही टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. मग वरच्या माणसांना हाक मारली, "कवेलू वापस लावा रे! जसे होते तसे." ते बावळटासारखे बघत राहिले. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "मेल्यालेच मातीत घालतेत बाई. जित्त्याले नाई."

ट्रक रिकामे परत गेले. बाळापुरात लोक तुम्हाला हसले, हे मला फार नंतर शाहीनकडून कळलं. जुन्या लाकडाचा व्यापारी तोडायला गेला आणि छप्पर शाकारून आला. तुम्ही माल सोडल्याचं लिहून दिलंत, तेवढ्या धाग्यावर मी पुन्हा वरती भांडले, पुन्हा पाहणी झाली, आणि या वेळी पाहणीला आलेल्या साहेबांना तुम्ही छपरावर चढवलंत. नवी पँट होती त्यांची. खाली उतरले तेव्हा मागून फाटली होती, पण इमारत वाचली होती. तोडायचं रद्द होऊन दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं करायचं ठरलं आणि ते काम तुमच्याकडेच आलं.

तुम्ही त्या दिवशी का थांबलात, हे मी तुम्हाला किती वेळा विचारलं असेल. कधी म्हणायचात, "गुडघे दुखून राहिले होते." कधी म्हणायचात, "तुमची चाय अशी बेकार होती का हातातला जोरच गेला." खरं उत्तर कधी दिलं नाहीत. पण बंगल्याच्या मधल्या खोलीची एक तुळई खरोखरच सडलेली निघाली आणि तिच्या मापाचं लाकूड कुठे मिळेना, तेव्हा तुम्ही वखारीतून एक तुळई आणलीत. काळीभोर, कडेला वेलबुट्टीचं साधं कोरीव काम. कामगार ती उचलत असताना तुम्ही तिला एका हाताने धरून चालत होतात, आजारी माणसाला धरावं तसं.

"ही कुठली?" मी विचारलं.

"माझ्या मामूच्या घरची. माझी माय तठीच लहानाची मोठी झाली." मग म्हणालात, "ते घर मीच उतरवलं बाई. जवान होतो. धंदा म्हनजे धंदा. सगळं इकलं, ही एक इकली नाई. काहून ठेवली, मालूम नाई."

तुळई वर चढली, बसली, आणि तुम्ही खाली उभं राहून तिच्याकडे पाहत राहिलात. त्यानंतर मी "का थांबलात" हे विचारणं सोडलं.

ते दोन हिवाळे माझ्या नोकरीतले सगळ्यांत चांगले दिवस होते, आणि हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. बार्शीटाकळीकडचे कवेलू आणायचे, का पातूरकडचे, यावरून वाद. चुन्यात बेलफळ घालायचं, का नुसता गूळ, यावरून वाद. दरवाज्यांना व्हार्निश लावायचं नाही असं मी बजावून सांगितलं होतं आणि मी मीटिंगसाठी अमरावतीला गेलेली पाहून तुम्ही कचेरीच्या दाराला व्हार्निश फासलंत. आरशासारखं. मी परत येऊन ओरडले तर म्हणालात, "लगनातल्या नवरीले पावडर लावू देत नाई का तुमी?" ते दार अजून तसंच चकाकतं. येणारे लोक नेमके त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. तुम्ही जिंकलात, बरं का.

माझे बाबा एकदा बार्शीटाकळीवरून आले होते, ते आठवतं? काळ्या मातीतला माणूस, जंगलाला घाबरणारा. मुलीने रेंजर होऊ नये असं त्यांना पहिल्यापासून वाटायचं. तुम्ही त्यांना तबेल्याच्या सावलीत बाजेवर बसवलंत आणि कापूस, तूर, हुमणी, असल्या गप्पा सुरू केल्या. जाताना बाबा मला म्हणाले, "इथी मानसं चांगली हायेत. मंग ठीक हाय." नोकरी लागल्यापासून त्यांनी मला दिलेला तो एकच होकार. तो तुमच्यामुळे मिळाला. पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. तेव्हा तुम्ही आला होतात, ओसरीवर भिंतीला टेकून बसला होतात आणि निघताना म्हणाला होतात, "आता मले बाप समजून डांटत जा." मी म्हटलं होतं, बापाला कोणी डांटतं का? तुम्ही म्हणालात, "माही शाहीन तं रोजच."

आणि मग ती कोठडी.

कुंपणाच्या कोपऱ्यातली ती एवढीशी खोली. दगडी भिंती, हातभर जाड. एक जड सागवानी दरवाजा, बाहेरून लोखंडी अडसर. मागच्या भिंतीला, पुरुषभर उंचीच्याही वर, एक झरोका. सगळ्यांत पक्कं बांधकाम तेच होतं. जंगलातून लाकूड नेताना सापडलेल्या माणसांना तिथे कोंडत. आजूबाजूच्या ढाण्यांवरची, डोंगरातल्या वस्त्यांवरची, कोरकू आदिवासी माणसं, दुसरं कोण असणार? घरासाठी एखादा खांब, चुलीसाठी जळण. खालच्या ढाण्यावरच्या सोनायबाईचा बाप तिथे कोंडला गेला होता, हे आपल्याला कामावरच्या बायांनी सांगितलं. सोनायबाई स्वतः आमच्या रोपवाटिकेत कितीतरी वर्षं काम करायची. पण कुंपणाच्या त्या कोपऱ्याकडे ती कधी फिरकायची नाही.

तुम्हाला ते कळलं त्याच दिवशी तुम्ही सबल घेऊन तिकडे निघालात. मी आडवी आले.

"ही नाही तोडायची."

"काहून?"

"कारण ही ठेवली नाही तर लोक म्हणतील, इथे नुसता बंगला होता आणि व्हरांड्यात बसून साहेब चहा प्यायचा."

"अन् ठेवली तं? सुट्टीले येतीन, दरवाजाच्या आत जाऊन गज धरल्यासारखे करतीन, फोटो काढतीन, हसतीन. मी पाहून राहिलो ना बाई बाकीच्या किल्ल्यायमंदी काय होते ते. आमच्या बाळापूरच्या किल्ल्यात काय कमी होते का?"

"आपण नीट समजावून सांगू."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे, माझ्या युनिफॉर्मकडे पाहिलंत. रागाने नाही. "कोन सांगन? तुमी? हे खाकी घालून? अन् काय सांगसान, का आमीच कोंडलं होतं?"

मी वाटेतून हटले नाही. तुम्ही सबल खाली टाकलीत आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. वरून कोणीतरी सुचवलं की तिथे प्रसाधनगृह करा, भिंती मजबूत आहेत. त्या एका गोष्टीवर मात्र आपण दोघं एक झालो आणि ते हाणून पाडलं. शेवटी बाकीचं सगळं खुलं झालं आणि कोठडीला कुलूप लागलं. लोक विचारायचे, आम्ही सांगायचो, काम चालू आहे. कसलं काम? काम म्हणजे आपलं भांडण. फोनवर, वखारीत, जेवताना. भाभी म्हणायच्या, "खाना खाओ पहले, खोली कहीं भागी नहीं जा रही."

थंडीत तुम्ही शेवटचे आलात. पाय सुजलेले, चालताना दम लागायचा. डॉक्टरांनी भात बंद केला म्हणून चिडला होतात. मला शाळेच्या एका सहलीला सगळं फिरून दाखवायचं होतं. तुम्ही म्हणालात, "जा तुमी, मी अठीच फिरून येतो." परत आलात तेव्हा ऊन कललं होतं. कुठे गेला होतात, विचारलं तर म्हणालात, खाली. आणि त्यानंतर काही दिवसांनी फोनवर म्हणालात, "बाई, त्या खोलीचं झालं. भेटल्यावर सांगतो. फोनवर सांगायची गोष्ट नाई." मी जाळरेषेच्या गडबडीत होते. म्हटलं, बरं, या. तेच आपलं शेवटचं बोलणं.

बाळापूरवरून परत आल्यावर मी कामाला लागले. दुसरं काय करणार? आणि एका सकाळी कचेरीसमोर सोनायबाई येऊन उभी राहिली. रोपवाटिकेतलं काम तिने केव्हाच सोडलंय, आता काठी टेकत चालते. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. तिने मला विचारलं,

"मॅडम, तो टोपीवाला बुडा आला नाई? दरवाजा काढाले येतो म्हने."

"कुठला दरवाजा?"

तिने काठीने कोपऱ्याकडे दाखवलं. तिकडे बघितलं मात्र नाही.

मी तिला खुर्चीवर बसवायला गेले तर ती पायरीवरच बसली. मीही तिच्याजवळ बसले. आणि मग तुम्हाला मला जे सांगायचं होतं ते मी तिच्याकडून ऐकलं. त्या दिवशी तुम्ही जीप घेऊन तिच्या ढाण्यावर गेला होतात. अंगणात बाजेवर बसून दम खाल्लात, पाणी मागितलंत आणि सरळ विचारलंत, मी ती खोली तोडू का? तू म्हणशील तसं. आमचं रेंजर बाईंशी भांडण सुरू आहे.

"मी म्हनलं, तोडू नको," सोनायबाई म्हणाली. "तोडली तं पोरं म्हनतीन, बुडी खोटं बोलते. खोली राहू दे. दरवाजा काढ. दरवाजा असला का कोनीतरी कोनाले आत टाकते."

"मग ते काय म्हणाले?"

"कायी नाई. हसला. म्हने, हे आमाले दोघायलेबी नाई सुचलं." तिने गाठोडं पुढे केलं. "त्याले डाक्तरनं भात बंद केला ना. मी म्हनलं, भाताच्या जागी कुटकी खा, आमी तेच खातो. आमच्या वावरातली हाय. आला नाई तं मीच घेऊन आली."

मला सांगावं लागलं. सोनायबाई, ते वारले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग गाठोडं पुन्हा मांडीवर घेऊन तिने त्याची गाठ उगाच घट्ट केली, सैल केली, पुन्हा घट्ट केली. मग ते माझ्या हातात देऊन म्हणाली, "त्याच्या बायकोले दे."

त्याच आठवड्यात मी बाळापूरला गेले. भाभींना सगळं सांगितलं. त्यांनी गाठोडं उघडून कुटकीचे बारीक दाणे तळहातावर घेतले, हुंगले. "ये चीज उन्होंने खाई थी क्या?" नाही खाल्ली, मी म्हटलं. त्या उठल्या, दुपारच्या जेवणात तीच शिजवली, वरण केलं आणि आम्ही तिघी एका दस्तरखानावर जेवलो. कुटकी जरा कच्ची राहिली होती. कुणी काही म्हणालं नाही. हात धुताना शाहीन म्हणाली, "दरवाजा मी काढते. अब्बूनं जबान दिली होती ना."

वखार आता शाहीन बघते, रफिकभाई. तुम्हाला काळजी होती ती नका करू. गिऱ्हाईक तिला "बेटी" म्हणून भाव पाडायला बघतात आणि ती तुमच्यासारखंच हसून एक पैही सोडत नाही.

ती परवा सकाळी एका सुताराला घेऊन वर आली. मी सोनायबाईला निरोप धाडला होता, येईल की नाही याची खात्री नव्हती. पण ती आमच्या आधीच येऊन बसली होती, तबेल्याच्या सावलीत. बिजागऱ्या गंजून एकजीव झाल्या होत्या. तेल घातलं, ठोकलं, शेवटी शाहीनने स्वतः सबल लावून जोर दिला आणि दरवाजा कुरकुरत चौकटीतून सुटला. आम्ही तिघांनी मिळून तो भिंतीशी आडवा ठेवला. मी सोनायबाईला म्हटलं, "हा तुला पाहिजे का? मी वरती विचारते." ती म्हणाली, "मले काय करायचा? जड हाय." आम्हाला तिघींनाही हसू आलं. त्या जागी हसू येईल असं वाटलं नव्हतं.

दरवाजा काढून ठेवल्याचं मी वरती कळवलं आहे. अजून काही उत्तर नाही. येईल ते येवो. आणि लोकांना खाकी घालून काय सांगायचं, हा तुमचा प्रश्न अजून माझ्यापाशी तसाच आहे. मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

मग सोनायबाई आत गेली. उंबऱ्याशी थोडी थांबली, काठी बाहेर टेकवून ठेवली आणि भिंतीला हात लावत आत शिरली. आतून झरोक्याकडे वर पाहत राहिली. मी दारात उभी होते. ती माझ्याशी बोलत होती की स्वतःशी, कळत नव्हतं.

"मायनं मले कडेवर घेतलं व्हतं. बांबूच्या टोकाले भाकर खोचली अन् त्या झरोक्यातून आत देल्ली. आतून कोनीतरी ओढून घेतली. माय बायेरून बोलत राहिली, बोलत राहिली. बापानं जबाब नाई देल्ला. सकाळी सोडलं त्याले. घरी आला तं कायी बोलला नाई त्याच्यावर. माय मरेतवर म्हने, त्या दिवशी तो माह्यावर रागावला व्हता. मीच त्याले लाकूड आनाले धाडलं म्हून."

मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तू मांगं जाय. झरोक्याच्या खाली. बोल काईतरी."

मी आणि शाहीन वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. तिथे नाल्याचं पाणी खडकांवरून वाहतं, त्याचा आवाज भिंतीला लागून येतो. झरोका डोक्याच्या बराच वर. मी हाक मारली, "सोनायबाई! ऐकू येते का?" काहीच आलं नाही. पुन्हा हाक मारली. पाणी, वारा, बस. शाहीनने माझ्याकडे पाहिलं. आम्ही घाईने पुढे आलो तर सोनायबाई दाराशी येऊन उभी होती.

"तू दोनदा बोलली," ती म्हणाली. "मी दोन्ही वक्ती ओ देल्ली. तुले आली का ऐकू?"

"नाही."

ती मान हलवत राहिली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मंग बाप बोलला असंन," ती म्हणाली. "बोलला असंन तो. मायलेच ऐकू नाई आलं."

तिने काठी घेतली आणि कुंपणाच्या फाटकाकडे निघाली. मी गाडीने सोडते म्हटलं, तिने हाताने नको म्हटलं. उतारावर तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत आम्ही पाहत होतो.

सुतार सामान आवरत होता. शाहीन मला म्हणाली, "ताई, मी एक मिनिट आत जाऊ?" मी म्हटलं, जा. ती चप्पल बाहेर काढून आत गेली आणि मी मुद्दाम मागच्या बाजूला, झरोक्याखाली जाऊन उभी राहिले. ती आत तुमच्याशी काहीतरी बोलली असावी. मला ऐकू आलं नाही.